ग्रंथ कळायला इतिहास लागतो काय?



आजच्या सेवेला अभंग घेण्याऐवजी एक प्रश्न घेतला आहे. प्रश्न साधा आहे, पण रोजचा आहे. ज्ञानेश्वरी, गाथा, भागवत, गीता हे ग्रंथ समजून घ्यायचे, तर ते कधी लिहिले, कोणत्या गावी लिहिले, तेव्हा राज्य कुणाचं होतं, लोक काय सोसत होते, हे माहीत असावं लागतं काय? का भाव असला म्हणजे पुरे?

दोन्ही बाजूंनी बोलणारी माणसं आपल्यातच आहेत. एक म्हणतो, "महाराज, देवाच्या वचनाला साल कशाला अन् शके कशाला? ते कालही खरं होतं, आजही खरं आहे." दुसरा चार बुकं शिकलेला असतो. तो म्हणतो, "ज्याला सातशे वर्षांपूर्वीची मराठी येत नाही, यादवांचा काळ ठाऊक नाही, त्यानं ज्ञानेश्वरीवर तोंडच उघडू नये." आता पहा बरं. पहिल्याचंच ऐकलं तर ज्याला जसं पाहिजे तसा तो ग्रंथ वाकवतो, कुणी अडवणारा राहत नाही. दुसऱ्याचंच ऐकलं तर चाळीस वर्षं पारायणाला बसणारी आपली माय, जिला अक्षर ओळखू येत नाही पण ओवी पाठ आहे, ती मंडपाबाहेर जाते. दोन्ही उत्तरं आपल्याला परवडणारी नाहीत. मग या प्रश्नाचं उत्तर कुणाला विचारायचं? ज्यांनी ग्रंथ दिले आणि ज्यांनी ते जपले, त्यांनाच विचारू. त्यांनी स्वतः काय केलं, ते पाहू.

आधी गीता घ्या. सातशे श्लोकांची गीता. देवाला उपदेशच करायचा होता, तर आत्मा अमर आहे इथूनच सुरुवात झाली असती. पण तसं नाही झालं. पहिला अख्खा अध्याय, सत्तेचाळीस श्लोक, त्यात उपदेश नाहीच. मैदान कोणतं, सैन्य कुणाचं, कोण कुठे उभा आहे, कुणी कोणता शंख फुंकला, आणि अर्जुनाच्या हातातून धनुष्य का गळलं, हेच सगळं आहे. देवाच्या तोंडी त्या अध्यायात एवढंच वाक्य आहे की, अर्जुना, हे जमलेले कौरव पहा. खरा उपदेश सुरू होतो तो दुसऱ्या अध्यायात, तोही दहा श्लोक गेल्यावर. म्हणजे व्यासांनी आधी प्रसंग सांगितला आणि मग वचन सांगितलं. आणि माउलींनी काय केलं? हे नुसतं नावगाव आहे म्हणून पहिला अध्याय सोडून दिला काय? नाही. त्यावरही त्यांनी भरभरून ओव्या सांगितल्या. रडणारा अर्जुन समजला नाही तर हसत बोलणारा कृष्ण समजत नाही, हे माउलींना ठाऊक होतं.

आता ज्ञानेश्वरीचा शेवट पहा. पसायदान आपण सगळे म्हणतो, हात जोडतो आणि उठतो. पण ग्रंथ तिथे संपत नाही. पसायदानानंतर माउलींनी गोदावरीचा तीर सांगितला, क्षेत्र सांगितलं, तिथली देवता सांगितली, राज्य करणारा यादव राजा रामचंद्र सांगितला. शके १२१२ हा काळ ग्रंथात नोंदला गेला, आणि लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा यांचंही नाव आलं. शके १२१२ म्हणजे इसवी सन १२९०. नेवाशाला जो खांब आपण पाहतो, पैस म्हणतो, तो याच नोंदीचा जागता साक्षीदार आहे. माउलींनीच ठिकाण आणि काळ लिहून ठेवला असताना, ग्रंथाला काळ चिकटवू नका, असं आपण कोणत्या तोंडानं म्हणायचं?

पुढे किती वर्षं गेली? दोनशे चौऱ्याण्णव. शके १५०६, इसवी सन १५८४. पैठणला नाथमहाराज बसले आहेत. गळ्याशी त्रास सुरू झाला. माउलींनी दृष्टांत दिला की, अजानवृक्षाची मुळी माझ्या कंठाला लागली आहे, ती येऊन काढ. नाथ आळंदीला गेले, समाधीचा शोध घेतला, मुळी काढली. ही कथा आपण कितीदा ऐकली! पण नाथांनी त्यानंतर काय केलं, तिकडे आपलं लक्ष कमी जातं. पिढ्यान् पिढ्या उतरवताना, पाठ म्हणताना, ज्ञानेश्वरीत चुकीचे शब्द शिरले होते. कुणी हौसेनं आपल्या ओव्या घातल्या होत्या. नाथांनी प्रती पाहिल्या, पाठ ताडून पाहिले, ग्रंथ शुद्ध केला, ते केलं ती तिथी आणि शके लिहून ठेवलं, आणि पुढच्यांना कडक शब्दांत बजावलं की यात आता कुणी आपली ओवी घालू नये. आधी माउलींच्या कंठाची मुळी काढली, मग ग्रंथाच्या कंठाची काढली. दोन्ही सेवा एकाच भावानं झाल्या. नाथांच्या इतका भाव कुणाचा आहे? तरीही नाथ असं नाही म्हणाले की, भाव आहे ना, मग पाठ कोणताही चालेल.

शब्दांचंही तसंच आहे. ज्ञानेश्वरीत "नावेक" असा शब्द येतो. आपला नवखा वाचक म्हणतो, नाव म्हणजे होडी, म्हणजे नदीचा दृष्टांत असेल. अरे बाप्पा, नावेक म्हणजे क्षणभर! "कीर" येतो. आपण म्हणतो पोपट. तिथे कीर म्हणजे खरोखर. "पुढती" येतो, त्याचा अर्थ समोर असा नाही, पुन्हा असा आहे. आता पोपट समजून कुणी नमस्कार केला, तर त्याचा नमस्कार वाया जातो काय? नाही जात. देव भावाचा भुकेला आहे. पण तोच माणूस उद्या व्यासपीठावर चढून पोपटावर तासभर निरूपण करू लागला, तर ऐकणाऱ्या पाचशे माणसांचं काय? तिथे फरक पडतो. हा फरक ध्यानात ठेवा. आजच्या सगळ्या विषयाची गाठ तिथेच आहे.

ही साक्ष गोदाकाठची झाली. आता आपल्या वऱ्हाडची साक्ष काढू. आपण आर्णीकर. अरुणावतीच्या काठी राहतो. आपल्या दारावरून माहूरचे यात्रेकरू जातात, रेणुकामायचे जातात, दत्तप्रभूंचे जातात. त्यात आपण वारकरी आहोत, आणि आपले महानुभाव शेजारीही आहेत. त्यांच्याही परंपरेत माहूरला मोठा मान आहे, कारण चक्रपाणि प्रभूंना दत्तात्रेयांपासून ज्ञानशक्ती मिळाली ती माहूरला, असं ते मानतात. अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर आहे. गोविंदप्रभूंचं गाव. तिथे आता मराठी भाषेचं विद्यापीठ झालं आहे. ते तिथेच का झालं, ठाऊक आहे? माउलींच्याही आधी, शके १२०० च्या सुमारास, तिथे मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ तयार झाला, लीळाचरित्र. आणि तो ज्या पद्धतीनं तयार झाला, ती पद्धत आपल्या आजच्या प्रश्नाचं थेट उत्तर आहे.

चक्रधर स्वामी निघून गेले होते. मागे राहिले ते शिष्य, आणि त्यांच्या आठवणी. म्हाइंभट नावाचे विद्वान गृहस्थ. त्यांनी ठरवलं की स्वामींच्या लीळा गोळा करायच्या. ज्यानं जे पाहिलं, ज्यानं जे कानानं ऐकलं, त्याला जाऊन गाठायचं, विचारायचं आणि लिहायचं. मग ते सगळं नागदेवाचार्यांपुढे ठेवायचं, कारण नागदेव स्वामींच्या जवळ राहिलेले. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी गेली, असं परंपरा सांगते. मग शिष्यांनी पाठांतरावरून ती पुन्हा उभी केली. त्यात हिराइसा नावाच्या बाईंच्या स्मरणशक्तीचं नाव आजही आदरानं घेतात. आता आठवणीवरून उभं करायचं म्हटलं की दोघांची आठवण सारखी कशी असेल? एक म्हणे प्रसंग असा झाला, दुसरा म्हणे तसा झाला. मग त्यांनी काय केलं? भांडून एकाचं पुसून टाकलं काय? नाही. अमक्याची वासना अशी, तमक्याची वासना तशी, असं दोन्ही लिहून ठेवलं. वासना म्हणजे इथे पाठभेद. श्रद्धावान माणसं किती प्रामाणिक असू शकतात, याचा हा नमुना आहे. स्वामी कोणत्या गावी गेले, कुठे बसले, कोणत्या दिशेच्या ओसरीवर उतरले, याचाही एक ग्रंथ त्यांनी केला, स्थानपोथी. गावोगावच्या जागांची ती नोंद आहे. यात्रेकरूला आणखी काय पाहिजे?

पण खरी गोष्ट पुढेच आहे. केशिराजबास नावाच्या पंडितानं लीळाचरित्रातून स्वामींची नुसती वचनं वेगळी काढली. त्याचा झाला सूत्रपाठ. पाठ करायला सोपा, तोंडात ठेवायला सोपा. लहान लहान वाक्यं, ठसठशीत. पण प्रसंग मागे राहिला. कुणाला उद्देशून बोलले, का बोलले, कधी बोलले, ते सूत्रात नाही. आपल्या शेतकरी भाषेत सांगतो. चांगलं बियाणं थैलीतून काढून डब्यात ओतलं, आणि थैलीवरची चिठ्ठी फेकून दिली. बी उत्तमच आहे, पण पुढच्या मृगात ते काळ्या जमिनीत टाकायचं का बरड जमिनीत, हे कसं कळेल? त्यांच्याच परंपरेतल्या लोकांना हे जाणवलं. म्हणून त्यांनी प्रकरणवश नावाचा ग्रंथ केला. कोणतं सूत्र कोणत्या प्रसंगी निघालं, ते त्यात सांगितलं. इतिहास पाहिजे असं कुणा बाहेरच्या शिकलेल्या माणसानं त्यांना येऊन सांगितलं नव्हतं. ही गरज भक्तांच्या पोटातून निघाली.

याचं एक उदाहरण देतो. ते आर्णीच्या माणसाला जितकं लागेल, तितकं पुण्या-मुंबईच्या माणसाला लागणार नाही. चक्रधर स्वामींचं एक प्रसिद्ध सूत्र आहे. आशय असा की, कानड देशात आणि तेलंग देशात जाऊ नका, महाराष्ट्रात राहा. आता हे एवढंच उचललं तर काय होईल? कुणी म्हणेल, पहा, साडेसातशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवलं आहे की तेलुगू माणसाशी संबंध नको! आणि आपला आदिलाबादचा मुलूख किती दूर आहे? पैनगंगा ओलांडली की लागलाच. आपल्या जिल्ह्याच्या त्या टोकाला घरात तेलुगू आणि बाजारात मराठी बोलणारी कुटुंबं आहेत. सोयरिकी आहेत. माहूर-किनवटचा भाग तर १९५६ साली राज्यांची फेररचना होईपर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होता. मग सूत्राचा तसा अर्थ घेतला तर आपण रेणुकामायच्या दर्शनाला जायचं की नाही?

आता प्रसंग जोडा. स्वामी हे बोलले कुणाला? घरदार सोडून निघालेल्या, भिक्षा मागून फिरणाऱ्या शिष्यांना. कारण काय दिलं? ते देश विषयसुखानं भरलेले आहेत, आणि तिथे तपस्व्याला फार मान देतात. म्हणजे भीती परक्या भाषेची नव्हती. भीती मानाची होती. ज्या गावात लोक पाया पडतात, गोडधोड आणून देतात, त्या गावात वैरागी बुडतो. जिथे कुणी ओळखत नाही, तिथे राहा, हा त्या उपदेशाचा जीव आहे. शिवाय स्वामी स्वतः मूळचे गुजरातेतले. लीळाचरित्रात त्यांचं तेलंग देशात, ओरंगलपर्यंत, फिरणंही आलं आहे. तिथला मान त्यांनी स्वतः पाहिला होता. म्हणजे प्रसंग काढून टाकला की तेच सूत्र शेजाऱ्याच्या अंगावर फेकायचा दगड होतं. प्रसंग जोडला की ते माझ्यासारख्या कीर्तनकाराच्या कानात सांगितलेलं वचन होतं की, बाबा, हारतुऱ्यांपासून जप. आता सांगा, कोणता अर्थ जास्त टोचतो? खरा अर्थ नेहमी सांगणाऱ्याला आधी टोचतो.

आणि प्रसंग झाकून राहिला की काय होतं, तेही याच पंथाच्या वाट्याला आलं. त्यांच्या पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत शेकडो वर्षं राहिल्या. बाहेरच्याला वाचता येत नव्हतं. मग काय? जे दिसत नाही त्याविषयी माणूस कल्पना करतो. काय काय अफवा त्यांच्याविषयी गावोगाव बोलल्या गेल्या, त्या या व्यासपीठावरून उच्चारणार नाही. गेल्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती लिपी उलगडली, पुढे महंतांनीही पोथ्या उघडल्या, आणि मग महाराष्ट्राला कळलं की यात तर निर्मळ अहिंसा आहे, आणि आपल्याच भाषेचं जुनं सोनं आहे. एका गावात राहणाऱ्या माणसांचा एकमेकांविषयीचा गैरसमज पोथीच्या अभ्यासानं दूर झाला. हेही पुण्यच आहे, मायबापहो.

आता तुकोबारायांकडे येऊ. इथे मला थोडं जड बोलायचं आहे, कारण गोष्ट आपल्या जिल्ह्याच्या जिवाची आहे.

संतोष धरा, देवानं ठेवलं तसं राहा, दुःख देवाला अर्पण करा, असा तुकोबांचा उपदेश आपण नेहमी सांगतो. उपदेश खराच आहे. पण तो सांगणारा माणूस कोण होता? शके १५५१-५२ च्या सुमाराचा दुष्काळ. शिवरायांचा जन्म झाला तोच हा काळ, इसवी सन १६३०. पाऊस गेला. दक्षिणेत आणि गुजरातेत माणसं अन्नावाचून मेली. दिल्लीच्या बादशहाच्या बखरकारानंही ते लिहून ठेवलं आहे. देहूच्या तुकोबांचं दुकान होतं, वाण्याचा धंदा होता, घरात महाजनकी होती. सगळं बसलं. पहिली बायको रखुमाई गेली. लहानगा संतू गेला. हे नुसतं ऐकलेलं नाही, दुष्काळाचं आणि घरच्या मरणाचं दुःख गाथेतच आहे.

मग पुढे काय झालं? महिपतिबाबांनी संतांची चरित्रं लिहिली, त्यात ते सांगतात. घरात लोकांच्या कर्जाची खतं होती. धाकट्या भावाचा, कान्होबांचा, अर्धा वाटा त्यांना दिला, कारण त्यांच्या संसाराचा प्रश्न होता. आणि आपल्या वाट्याची खतं तुकोबांनी इंद्रायणीत बुडवली. वसुली सोडली. ऋणको मोकळे केले.

आता तुकोबांचं संतोषाचं वचन घ्या आणि या प्रसंगाशेजारी ठेवा. संतोष धर, असं म्हणणाऱ्यानं आधी दुसऱ्याच्या गळ्यातला फास सोडवला होता. आणि आपण काय करतो? बोंडअळीनं कपाशी खाल्लेली असते, बँकेची नोटीस आलेली असते, सावकाराचा माणूस दारात बसलेला असतो, आणि त्या घरच्या माणसाला आपण सांगतो, "दादा, संतांनी सांगितलं आहे, आहे त्यात समाधान मान." अरे, संतांनी कुणाला सांगितलं? खतं हातात घेऊन बसलेल्यानं ते वचन आधी स्वतःला लावायचं आहे. ज्याचं येणं आहे, त्यानं संतोष धरायचा आहे. ज्याला देणं आहे, त्याच्यासाठी तुकोबांनी इंद्रायणी दाखवली. या यवतमाळ जिल्ह्यानं गेल्या पंचवीस-तीस वर्षांत कर्जापायी किती घरं उजाड झालेली पाहिली. अशा घरी सांत्वनाला गेल्यावर कोणता अभंग म्हणावा आणि कोणता गिळावा, हे कळायला तुकोबांचा इतिहास ठाऊक लागतो. नाहीतर माउलींच्या अन् तुकोबांच्या नावानं आपण जखमेवर मीठ चोळून येतो, आणि घरी येऊन म्हणतो की आज चांगलं निरूपण झालं.

म्हणून मी अशा निर्णयाला आलो आहे. स्वतःसाठी ग्रंथ वाचायला इतिहास लागत नाही. दुसऱ्याला ग्रंथ लावायला इतिहास लागतो. तुम्ही पहाटे उठून हरिपाठ म्हणता, डोळ्यांत पाणी येतं, त्या पाण्याला कुणी शके विचारत नाही. पण ज्या क्षणी मी ग्रंथ उघडून म्हणतो की, "तू असं वाग, कारण संतांनी असं सांगितलं", "बाईनं हे करू नये", "अमक्या जातीच्यानं तिथे बसू नये", "तमक्या भाषेच्या माणसाला दूर ठेवा", त्या क्षणी माझ्यावर जबाबदारी येते. ते वचन कुणाचं? खरंच त्यांचं, की मागून कुणी घातलेलं? कुणाला सांगितलेलं? कशासाठी? हे पाहिल्याशिवाय मी दुसऱ्याच्या आयुष्यावर बोललो, तर ती संतांच्या नावावरची खोटी सही झाली. खोट्या सहीचा कागद कचेरीत चालत नाही, तर संतांच्या दरबारात चालेल काय?

कुणी म्हणेल, "महाराज, असा शोध घेत बसलं की श्रद्धा पातळ होते." मी म्हणतो, झाली काय? आज आपल्या हातात तुकोबांची छापील गाथा आहे. १८६९ आणि १८७३ साली मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यात तिचे दोन भाग निघाले. पंडितांनी देहू, तळेगाव, पंढरपूर अशा ठिकाणच्या जुन्या वह्या मिळवल्या, ओळ ओळ ताडून पाहिली, साडेचार हजारांवर अभंग छापले. त्यानंतर वारी कमी झाली काय? उलट, जे अभंग मूठभर घराण्यांच्या वह्यांत होते, ते खेड्यापाड्यांतल्या भजनी मंडळात आले. शोध घेतल्यानं खरं सोनं कमी होत नाही, बाप्पा. कस लावायला घाबरतो तो पितळ विकणारा.

पण आता दुसऱ्या बाजूलाही बोललं पाहिजे, नाहीतर शिकलेले श्रोते मनात खूश होऊन बसतील. इतिहासालाही मर्यादा आहे. यादवांची वंशावळ पाठ आहे, पाठभेद पाठ आहेत, कोणत्या प्रतीत किती ओव्या ते पाठ आहे, आणि दारात आलेल्या भुकेल्याला हाकलतो, त्याला ज्ञानेश्वरी कळली काय? इतिहास तुम्हाला नेवाशाच्या खांबापर्यंत नेऊन सोडतो. त्या खांबाला टेकून जे सांगितलं गेलं, ते आत उतरवायचं काम तुमचं तुम्हालाच करावं लागतं. विहीर कुणी खोदली, कधी खोदली, किती हात पाणी आहे, हे सगळं सांगता आलं तरी तहान पाणी प्यायल्यानंच जाते. मात्र विहिरीत कुणी काही कालवलं असेल, तर ते सांगणारा माणूसही गावाला लागतोच.

आणि या दोन्ही गोष्टी एकत्र कशा नांदाव्यात, तेही रिद्धपूरच्या मंडळींनीच दाखवलं आहे. ज्या केशिराजबासांनी सूत्रपाठ केला, ते संस्कृतचे मोठे पंडित. त्यांना संस्कृतात रचना करण्याची हौस. नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवलं. का थांबवलं? आशय असा की, तुम्ही संस्कृतात लिहाल तर माझ्या म्हाताऱ्या बायका त्याला मुकतील. स्मृतिस्थळ नावाच्या ग्रंथात ही आठवण आहे. पहा मायबापहो! ज्या परंपरेनं एका एका वचनाचा प्रसंग शोधला, पाठभेद जपला, जागांची पोथी केली, त्याच परंपरेच्या आचार्याला काळजी कुणाची? न शिकलेल्या म्हाताऱ्यांची. म्हणजे अभ्यास करायचा तो म्हातारीला बाहेर काढण्यासाठी नाही. तिच्यापर्यंत वचन नीट पोहोचावं, वाटेत कुणी त्यात खोट घालू नये, एवढ्यासाठी करायचा. विद्वानाचा अभ्यास ही त्या म्हातारीची राखण आहे.

आपल्याच विदर्भातले प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज घ्या. माधानचे. १८८१ चा जन्म आणि १९१५ साली देह ठेवला, म्हणजे उणंपुरं चौतीस वर्षांचं आयुष्य. तान्हेपणीच दृष्टी गेली. स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवायचे, एवढी माउलींवर भक्ती. पण भक्ती आहे म्हणून ग्रंथ नकोत, असं ते म्हणाले नाहीत. दुसऱ्याकडून वाचून घेत, ऐकत, मनात ठेवत, आणि शंभरावर ग्रंथ त्यांनी सांगितले. डोळे नसलेल्यानं एवढं केलं. आपल्याला डोळे आहेत, हातात मोबाइल आहे, आणि आपण कुणीतरी पाठवलेला अभंग तुकोबांचा आहे की नाही हे न पाहता शंभर जणांना पुढे ढकलतो. खाली नाव तुकोबांचं, आणि भाषा परवाची! एकदा तरी गाथा उघडून पाहावं की नाही?

मग साध्या वारकऱ्यानं काय करावं? सगळ्यांनी इतिहासाचार्य व्हायचं काय? नको. कीर्तनकारानं मात्र व्हायला पाहिजे थोडंसं, कारण तो त्याचा धर्म आहे. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात तत्त्व सांगतात आणि उत्तररंगात आख्यान लावतात. आख्यान म्हणजे काय? कोण, कुठे, कधी, काय झालं ते. म्हणजे जुन्या लोकांनी कीर्तनाच्या रचनेतच वचनाशेजारी प्रसंग बसवून ठेवला आहे. ज्याला वाचता येत नाही, त्याला तो कीर्तनकारानं कानानं पाजावा. आणि श्रोत्यांनी विचारावं. घाबरू नये. "महाराज, हे वचन कोणत्या प्रसंगाचं?" एवढंच विचारा. ज्याला माहीत आहे तो आनंदानं सांगेल. ज्याला माहीत नाही तो रात्री घरी जाऊन पोथी उघडेल. दोन्हीकडे फायदाच आहे.

यात्रेला निघाल तेव्हाही एवढं करा. नेवाशाला गेलात तर खांबाला डोकं टेकवा, आणि ग्रंथाच्या शेवटच्या ओव्या मुलाला तिथे वाचून दाखवा. रिद्धपूरला गेलात तर म्हाइंभटांची आठवण काढा. माहूरला पैनगंगा दिसेल, तेव्हा पलीकडे राहणारी माणसंही त्याच मायची लेकरं आहेत, हे मनात आणा. देहूला इंद्रायणीत हात घालाल, तेव्हा या पाण्यात गाथा बुडाल्याची कथा तर आठवाच, पण त्याआधी याच पाण्यात गरिबांच्या कर्जाची खतं बुडाली होती, हेही आठवा. गाथा वर आली, असं आपण मानतो. खतं मात्र वर आली नाहीत, आणि ती वर येऊ नयेत अशीच तुकोबांची इच्छा होती.

एवढं ध्यानात घेऊन वाचा. वाचता येत नसेल तर ऐका. आणि दुसऱ्याला सांगण्याआधी एक वेळ थांबून विचारा. सेवेत काही उणं-अधिक झालं असेल ते संतांच्या पायी ठेवतो.

बोला, पुंडलीक वरदा हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!